मलबार हिल ते बँडस्टँड, बड्या लोकांची घरं गाडीतून बघायची असतील तर

मागच्या वर्षी मिरजेहून मावशी आणि काका आले होते. मावशीला टीव्हीवर दाखवतात ती मोठ्ठाली घरं एकदा बघायची होती, म्हटलं चला, त्यात काय एवढं. मोबाईलवर मॅप लावला, मरीन ड्राइव्हवरून बांद्रा टाकलं आणि निघालो. मॅपनं काय केलं, सरळ कोस्टल रोडला घातलं, बोगद्यात शिरलो, दोन-अडीच मिनिटांत बाहेर, मग समुद्र, मग वरळी. मावशी म्हणते, "अरे, मलबार हिल कधी यायचं?" म्हटलं, "मावशी, गेलं की, आत्ता डोक्यावरून गेलं." दुसऱ्या खेपेला मात्र नीट गेलो, तीच वाट खाली सांगतोय.

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढं एक डोक्यात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल. कोस्टल रोडचे जुळे बोगदे दोन-दोन किलोमीटरचे आहेत आणि ते बरोब्बर मलबार हिलच्या पोटातून जातात, गिरगाव चौपाटीजवळ आत आणि प्रियदर्शिनी पार्कला बाहेर. देशातली सगळ्यात महाग घरं तुमच्या टपावर आणि तुम्ही खाली ट्यूबलाइट बघताय. २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्यानं हा रोड सुरू झाला तेव्हापासून मॅप सगळ्यांना तिथूनच पाठवतो, कारण त्याला वेळ वाचवायचा असतो, आपल्याला घालवायचाय. म्हणून सांगतो, जाताना जुन्या रस्त्यांनी टेकडीवरून जायचं आणि येताना कोस्टल रोडनी, ते का ते पुढे येईलच.

कधी निघायचं तर रविवारी सकाळी, साडेसहाला नरिमन पॉइंटला पोचाल असं. नऊनंतर हँगिंग गार्डनला गाडी लावायला जागा मिळत नाही आणि पेडर रोड तर विचारूच नका. काही दिवस मात्र टाळाच: जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार (सगळे हेच रस्ते बंद असतात), अनंत चतुर्दशी, आणि २ नोव्हेंबर, शाहरुखचा वाढदिवस, त्या दिवशी बँडस्टँडला मुंगी शिरत नाही. पावसाळ्यात जायचं तर भरतीचं टाइमटेबल बघून जा, साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी मरीन ड्राइव्ह आणि वरळीला लाटा रस्त्यावर येतात, बघायला मजा आहे पण कठड्यावर चढून सेल्फी काढू नका, दर पावसाळ्यात कुणीतरी वाहून जातं.

बाइक असेल तर थोडं वेगळं. सी लिंकवर आणि कोस्टल रोडवर टू-व्हीलर चालत नाही, रिक्षाही नाही, तुम्हाला वरळीनंतर प्रभादेवी, शिवाजी पार्क, माहीम करत बांद्र्याला जावं लागेल. आणि बाहेरून येणाऱ्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, बांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षाच नाहीत, गाडी नसेल तर काळी-पिवळी टॅक्सी करा, ड्रायव्हर जरा वयस्कर बघा, त्याला सगळे बंगले पाठ असतात आणि बोलायची हौस पण असते.

आता बसायचं कुठं. हे कुणी सांगत नाही. आपण दक्षिणेकडून उत्तरेला चाललोय, म्हणजे समुद्र डाव्या हाताला आणि मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगा उजव्या हाताला, डिव्हायडरच्या पलीकडे. ज्यांना घरं बघायचीत त्यांनी ड्रायव्हरच्या मागे बसा. दिशा हीच बरोबर, कारण उलट बाजूनं आलात तर बिल्डिंगांच्या इतकं खालून जाता की फक्त गेट आणि वॉचमन दिसतो. ड्रायव्हरनं काही बघायचं नाही, त्याला वेगळ्या ट्रिपला नेऊ.

मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरचा आहे आणि इथं लोक समुद्राकडे बघतात, तुम्ही उलटीकडे बघा. ही सगळी जमीन भराव घालून केलेली, आणि त्यावर १९३०-४० च्या दशकात ओळीनं पाच-सहा मजली घरं उभी राहिली, आर्ट डेको म्हणतात त्या स्टाइलची. गोल वळलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, बोटीच्या डेकवर असतात तसे कठडे, आणि बिल्डिंगचं नाव त्या काळच्या फॅशनच्या अक्षरात. चर्चगेटच्या कोपऱ्यावरचा सूना महल बघाच, १९३७ चा आहे, डोक्यावर बुरुजासारखं काहीतरी आहे त्याला. पुढं केवल महल, कपूर महल, झवेर महल असे एकाला एक लागून. २०१८ मध्ये युनेस्कोनं या डेको बिल्डिंगा आणि हायकोर्ट, युनिव्हर्सिटीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती मिळून जागतिक वारसा जाहीर केलं. मावशीला काही हे श्रीमंतांचं वाटेना, "रंग उडालाय की रे" म्हणाली. बरोबरच आहे तिचं, खारा वारा रंग टिकू देत नाही आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या भाडेकायद्यातले भाडेकरू आहेत, मालकाला डागडुजीत इंटरेस्ट नाही आणि भाडेकरूला जागा सोडायची नाही. समोर समुद्र, मागे कोट्यवधीची जागा, आणि जिन्यात पिवळा बल्ब. ही मुंबईची श्रीमंती, सवय करून घ्या.

इथं गाडी कडेला घेऊन थांबू नका, टो होते. फोटो हवे असतील तर एकानं उतरून चालायचं आणि पुढं चौपाटीला भेटायचं.

तारापोरवाला मत्स्यालयाच्या आसपास पोचलात की सावध व्हा, बोगद्याकडे जाणारा रस्ता इथंच फुटतो. वाळकेश्वरचा बोर्ड बघून तीच लेन धरा, मॅपची बाई काय वाट्टेल ते बोलू दे. चौपाटीला टिळकांचा पुतळा दिसला की समजा चुकला नाहीत (१९२० मध्ये लोकमान्यांवर अंत्यसंस्कार इथंच वाळूत झाले, काकांनी गाडीतूनच हात जोडले). चौपाटी संपली की रस्ता डावीकडे वळत वर चढायला लागतो आणि गिअर बदलायला लागतो तशी हवाच बदलते, झाडं येतात, हॉर्न कमी होतात, फुटपाथवर कुत्री फिरवणारे नोकर दिसायला लागतात, मालक नाही, नोकर.

तीन बत्ती नाक्याला आलात की तुम्ही मराठी बातम्यांच्या मधोमध आहात. वर्षा, रामटेक, सागर, देवगिरी, नंदनवन, ही नावं आपण रोज ऐकतो ना, अमुक नेते 'सागर'वर गेले, तमुक 'वर्षा'वर बैठक, ते सगळे सरकारी बंगले याच टेकडीवर आहेत. वर्षा म्हणजे मुख्यमंत्र्यांचा. गेटवर पाट्या आहेत, झाडी दिसते, पोलीस दिसतात, बंगला काही फारसा दिसत नाही. टेकडीच्या अगदी टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र, राज्यपालांचं निवासस्थान. २०१६ मध्ये तिथं जमिनीखाली ब्रिटिशांच्या वेळचं एक मोठं बंकर सापडलं होतं, १५ हजार चौरस फुटांचं, इतकी वर्षं वर राज्यपाल राहत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. अचानक सगळ्या गाड्या अडवल्या तर वैतागू नका, कुणाचातरी ताफा जात असणार, पाच-दहा मिनिटं लागतात.

गाडी जिथं मिळेल तिथं लावून बाणगंगेला पायी उतरा, गल्ली अरुंद आहे, गाडी आत घातलीत तर रिव्हर्सनी बाहेर यावं लागेल. हे चुकवू नका असं मी खास सांगेन. चारी बाजूनी उंच टॉवर आणि मधे दगडी पायऱ्यांचं तळं, बदकं, दीपमाळा, कुणाचं तरी दहाव्याचं काहीतरी चाललेलं. मूळ तळं शिलाहारांच्या काळातलं, आत्ताचं बांधकाम आणि वाळकेश्वराचं देऊळ १७१५ चं, रामा कामत यांनी बांधलेलं, आणि आजही ते गौड सारस्वतांच्या ट्रस्टकडे आहे, काठावर कवळे मठ पण आहे, गोव्याकडच्या लोकांना सांगायला नको. समुद्र शंभर पावलांवर असून पाणी गोडं, काका दोनदा चाखून आले, मी नको म्हणत होतो. इथं पायऱ्यांशी लागून बसकी कौलारू घरं पण आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक, आणि त्यांच्या डोक्यावर सावली पडते ती कुठल्यातरी तीसमजली टॉवरची.

परत वर येऊन रिज रोडनी हँगिंग गार्डनकडे. आता एक गोंधळ आधीच निस्तरतो, इथल्या प्रत्येक रस्त्याला दोन नावं आहेत, एक पाटीवर आणि एक तोंडात. रिज रोड म्हणजे बाळ गंगाधर खेर मार्ग. नेपियन सी रोड म्हणजे लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग. वॉर्डन रोड म्हणजे भुलाभाई देसाई. कारमायकल रोड म्हणजे डहाणूकर मार्ग, अल्टामाउंट म्हणजे बरोडावाला मार्ग आणि पेडर रोड म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. पाटी वाचून टॅक्सीवाल्याला सांगितलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील, जुनंच नाव सांगा.

हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवर बांधलंय, खाली दक्षिण मुंबईच्या बऱ्याच भागाचं पाणी. समोर कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट, आणि तिथून खाली मरीन ड्राइव्हचा तो अर्धा गोल, मघाशी आपण आलो तो रस्ता. बाजूनी झाडांमधून जाणारी लाकडी पायवाट आहे, एलिव्हेटेड नेचर ट्रेल, २०२५ मध्ये सुरू झाली, ४८५ मीटर लांब, तिकीट २५ रुपये, बुकिंग ऑनलाइन करून ठेवा. मावशी म्हणाली एवढ्यासाठी २५ रुपये, आमच्याकडं दंडोबाच्या डोंगरावर फुकट. पण या भागात झाडांतून चालायला मिळतं आणि पुढं चौपाटीचा समुद्र दिसतो, मला आवडलं.

आता घरं. इथं एक जरा वाईट गोष्ट सांगायचीय. तुम्ही जे बंगले बघायला आलात ते बरेचसे आता नाहीत. लिटिल गिब्ज रोडला डॉ. होमी भाभांचा मेहरानगीर बंगला होता, २०१४ मध्ये ३७२ कोटींना विकला गेला, तिथं स्मारक करा म्हणून शास्त्रज्ञ मंडळी मागे लागली होती, २०१६ मध्ये पाडला. त्याच रस्त्यावरचं जतिया हाऊस कुमारमंगलम बिर्लांनी २०१५ मध्ये ४२५ कोटींना घेतलं. खाली ब्रीच कँडीला लिंकन हाऊस, आधी वांकानेरच्या महाराजांचं, मग कित्येक वर्षं अमेरिकन वकिलात, पुण्याच्या सायरस पूनावालांनी २०१५ मध्ये ७५० कोटींचा सौदा केला आणि तो सरकारी कागदपत्रांत वर्षानुवर्षं अडकून पडला. म्हणजे पैसे असूनही घर मिळत नाही, हे ऐकून काका फार खूश झाले. वाटेत जिना हाऊस पण याच टेकडीवर आहे, १९३६ चं, क्लॉड बॅटली नावाच्या आर्किटेक्टनं बांधलेलं, तोच लिंकन हाऊसचा पण. बंद असतं, भिंत आणि झाडीच दिसते, उगाच गाडी हळू करू नका, तिथं पहारा असतो.

केम्प्स कॉर्नरला उतरलात की वरचा फ्लायओव्हर बघून घ्या, १९६५ चा, मुंबईतला पहिला. इथून अल्टामाउंट रोडला वर चढलात की येतं अँटिलिया. सगळे यासाठीच आलेले असतात, तर ऐका. २७ मजले पण उंची १७३ मीटर, कारण एकेक मजला दोन-तीन मजल्यांएवढा उंच, साधी बिल्डिंग असती तर ६० मजले बसले असते. त्यातले सहा मजले नुसते गाड्या लावायला, वर तीन हेलिपॅड. २०१० मध्ये पूर्ण झालं. पण गेटसमोरून बघाल तर मान मोडेल आणि काही कळणार नाही, रस्ता अरुंद, खालचे मजले नुसती भिंत. गाडी थांबवायची नाही म्हणजे नाहीच. २०२१ च्या फेब्रुवारीत जवळच कारमायकल रोडला जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली होती ना, ते प्रकरण पुढं कुठल्या कुठे गेलं, तर तेव्हापासून तिथं कुणी दोन मिनिटं उभं राहिलं तरी शिट्टी येते. आम्ही मावशीच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून थांबलो तर माणूस लगेच खिडकीशी, नम्र होता पण, "आगे ले लो साहब." खरं अँटिलिया बघायचं तर हाजी अलीकडून, लांबून, मग त्याचा तो वेडावाकडा आकार कळतो, पत्त्यांचे गठ्ठे एकमेकांवर नीट न ठेवल्यासारखा.

पेडर रोडला उतरलं की प्रभुकुंज. याला कुणी लक्झरी म्हणणार नाही, साधी जुनी बिल्डिंग आहे, बाल्कन्यांना ग्रिल, खाली रहदारी. लतादीदी इथं राहायच्या, आशाताईंचंही घर इथंच होतं. मावशी अँटिलियापाशी एक शब्द बोलली नव्हती, इथं मात्र म्हणाली, जरा हळू घे रे. सिग्नल लाल होता म्हणून बरं झालं.

हाजी अलीला भूक लागलेलीच असते. ज्यूस सेंटरला सीताफळ क्रीम घ्या, बिल बघू नका. दर्ग्याचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, आत जायचं असेल तर ओहोटी बघून.

पुढं वरळी सी फेस, रस्त्याचं नाव खान अब्दुल गफार खान रोड. इथं डावीकडे समुद्र आणि उजवीकडे घरं, मरीन ड्राइव्हसारखंच, पण बघायला सोपं कारण गर्दी कमी. काचेचा हिऱ्यासारखा पैलू पाडलेला बंगला दिसेल, तो गुलिटा, ईशा अंबानींचा. आधी ती हिंदुस्तान युनिलिव्हरची ट्रेनिंगची जागा होती, ईशाच्या सासरच्या पिरामल कुटुंबानं २०१२ मध्ये साधारण साडेचारशे कोटींना घेतली. याच रस्त्याला समुद्राच्या बाजूनं आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन उभा आहे, धोतर, चौकड्याचा कोट, कुणी बसवला त्याला जागा मात्र अचूक सापडली. आणि रस्ता जिथं संपतो तिथं वरळी कोळीवाडा आणि किल्ला, होड्या, जाळी, सुकट वाळत घातलेली. वेळ असेल तर उतरा, पण लोकांच्या दारातून जाताय हे लक्षात ठेवा, मासे वाळवणाऱ्या आजींचा न विचारता फोटो काढायचा नाही. मलबार हिलच्या गेटवर जी शिस्त पाळता तीच इथं पाळायची, इथं वॉचमन नाही म्हणून काय झालं. ड्रोन तर कुठंच नाही, मुंबईत पोलिसांच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, गाडीत आणूच नका.

सी लिंक वरळी सी फेसच्या टोकालाच लागतो. ५.६ किलोमीटर, कारला एका बाजूनं १०० रुपये टोल, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना बघा. वर थांबायला बंदी आहे, केबलचे फोटो चालत्या गाडीतून.

बांद्र्याला उतरून बँडस्टँड. मन्नतचं आधीचं नाव विला व्हिएन्ना, जुना हेरिटेज बंगला, शाहरुखनं २००१ मध्ये घेतला, मागची उंच बिल्डिंग नंतर बांधली. २०२५ मध्ये दुरुस्तीचं काम काढलं तेव्हा घरचे तात्पुरते दुसरीकडे राहायला गेले, तरी लोक गेटपाशी फोटो काढत उभेच. सलमानचं गॅलेक्सी अपार्टमेंट अलीकडे, बंगला नाही, साधा फ्लॅट आहे, २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथं गोळीबार झाल्यापासून बंदोबस्त आहे, गाडी लावू देत नाहीत. गाडी लांब लावून चालत या, टोकाला बांद्र्याचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, १६४० चा, तिथून सी लिंक समोर दिसतो. अमिताभ कुठं असं सगळे विचारतात, तो जुहूला, तो वेगळा दिवस.

कार्टर रोडला जायचं तर जा, पण राजेश खन्नाचा आशीर्वाद बघायला म्हणून नको, २०१४ मध्ये विकला गेला आणि दोन वर्षांनी पाडला. त्याची एवढी चाहती असलेली माझी मावशी रिकाम्या जागी टॉवर बघून गप्प बसली, मग म्हणाली, चला घरी.

परत येताना सी लिंक आणि कोस्टल रोड, आता मॅपचं ऐकलं तरी चालेल. या वेळी घरं डाव्या हाताला येतात, तेव्हा जागा बदला, सकाळी जो ड्रायव्हरच्या मागे होता त्यानं डावीकडे या. समुद्रातून वरळी, ब्रीच कँडी, नेपियन सी रोडचे टॉवर अख्खे दिसतात, पायथ्यापासून गच्चीपर्यंत, सकाळी खालून बघताना ज्यांचं नुसतं गेट दिसलं होतं ते. स्पीड मात्र सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४०, कॅमेरे आहेत, चलान घरी येतं. कोस्टल रोडला टोल नाही, आमचा सगळा खर्च दोन वेळचा सी लिंक, पायवाटेची तीन तिकिटं आणि पेट्रोल, सगळ्यात महाग पडलं ते सीताफळ क्रीम.

प्रियदर्शिनी पार्कपाशी बोगदा आला तेव्हा काकांनी वर बोट करून मावशीला सांगितलं, आता वर बाणगंगा असेल बघ. बाणगंगा तिथं नव्हती, थोडी पलीकडे आहे, पण मावशीला झोप लागली होती, मी काही बोललो नाही.